सस्पेन्स अकाउंटमधली किल्ली

पहिली कथा संपली तेव्हा मी खरंच पुस्तकाची पानं मोजली. पान ३१ वर शेवटचं वाक्य, ३२ कोरं, ३३ वर दुसऱ्याच कथेचं नाव. शिवण बघितली, ती ठीक होती. तरी वाटत राहिलं की छपाईत काहीतरी गळालंय, कारण असं कोण संपवतं राव गोष्ट, अर्ध्या कामातून उठून गेल्यासारखी.

गोष्ट अशी की एका घरातले म्हातारे सासरे गेलेत आणि दोन मुलगे आणि थोरली सून मिळून त्यांचं कपाट रिकामं करतायत. सात चष्मे निघतात, औषधांच्या पट्ट्या निघतात, विजेच्या बिलांचे वर्षवार बांधलेले गठ्ठे निघतात (हे मला आवडलं, माणूस टापटीप होता). दुसऱ्याच पानावर सुनेला एक बारकी किल्ली सापडते, कशाची ते कोणालाच माहीत नाही, ती रुमालाच्या टोकाला बांधून ठेवते. मग पुढची दहा-बारा पानं दोघे भाऊ एका बंद पडलेल्या टेबलफॅनवरून भांडतात. आणि शेवटी सून गॅलरीत जाऊन कपडे वाळत घालते. संपली.

अहो पण किल्ली कशाची?

माझा धंदा हिशेब तपासण्याचा, पंचवीस वर्षं तेच करतोय. कुठे एक रक्कम लटकत राहिली तर मला झोप लागत नाही. तरुणपणी वाचायचो भरपूर, पण ते सगळं जाडजूड, ऐतिहासिक नाहीतर रहस्यकथा, शेवटच्या पानावर खुनी सापडणार म्हणजे सापडणारच. मग नोकरी, घर, पंधराएक वर्षं वाचन जवळजवळ बंद. कवितेशी संबंध शाळेतल्या रसग्रहणापुरता, कवीला काय म्हणायचे आहे ते तुमच्या शब्दांत लिहा, चार मार्क. हा कथासंग्रह मला भाचीने दिला, ती साहित्य शिकतेय. (संग्रहाचं नाव मुद्दाम सांगत नाही, पुढे मी जे काही बोलणार आहे ते निम्मं त्या पुस्तकाबद्दल आणि निम्मं माझ्या वाचण्याबद्दल आहे, उगाच लेखकाच्या माथी नको.) तिला फोन करून म्हटलं, तुझ्या लेखकाने किल्लीचं काय केलं ते सांगितलंच नाही. ती म्हणाली, "मामा, तू गोष्ट वाचलीस का तिचं ऑडिट केलंस?"

राग आला, पण बोलणं लागलं. मग तिने अट घातली की हीच कथा परत वाच, पण महिनाभर थांबून, मधल्या काळात मी देते ते वाच. मी म्हटलं बरं. तो महिना पुढे वर्षभर चालला.

सुरुवातीला मी चूक अशी केली की रात्री बसून चार-चार कथा सलग वाचायचो, कारण छोट्या असतात, संपवून टाकू. आठवड्याने विचाराल तर काय वाचलं ते सांगता येईना, एका कथेतली बहीण दुसऱ्या कथेतल्या घरात राहायला गेलेली. कादंबरीत निदान माणसं तीच राहतात, दहा पानं पेंगत वाचली तरी गाडी परत रुळावर येते. कथेत एक ओळ सुटली तर अख्खी कथाच सुटते, हे मला फार उशिरा समजलं. मग नियम केला, रात्री एकच कथा, आणि संपली की पुस्तक बंद, मोबाइल नाही, टीव्ही नाही, दहा मिनिटं नुसतं बसायचं. घरचे विचारायचे बरं वाटत नाही का.

माझ्या डोक्यात कथा म्हणजे कादंबरीचं धाकटं भावंड असंच होतं. म्हणजे जो कादंबरी लिहू शकत नाही तो कथा लिहितो, असलं काहीतरी. भाचीने ऐकवलं की आपल्याकडे साहित्य अकादमीचा मराठीचा पुरस्कार २०१२ ला जयंत पवारांच्या कथासंग्रहाला आणि २०१६ ला आसाराम लोमट्यांच्या 'आलोक'ला मिळाला, दोन्ही कथाच. अ‍ॅलिस मन्रोला २०१३ चं नोबेल मिळालं तेही कथांसाठीच. आणि २०२५ चं इंटरनॅशनल बुकर कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लॅम्प'ला, तिथे तर कथासंग्रहाला पहिल्यांदाच. मी ते मागवलं, कारण एक तर मला कन्नड येत नाही आणि दुसरं म्हणजे या बक्षिसातले ५० हजार पौंड लेखक आणि अनुवादक यांना निम्मे-निम्मे मिळतात हे वाचून माझ्यातला हिशेबनीस जागा झाला होता, म्हटलं अनुवादकाने असं काय केलंय की बरोबर अर्धी भागीदारी.

तर अनुवादक दीपा भास्ती यांनी त्यात एक गोष्ट केलीय ती दिसायला बारकी आहे. मूळ भाषेतले शब्द इंग्रजीत जसेच्या तसे ठेवलेत आणि ते तिरप्या अक्षरात छापलेले नाहीत. तळटीप पण नाही. एरवी अशा पुस्तकात दर दोन ओळींनी एक शब्द तिरपा होऊन उभा असतो, जणू पाहुण्यांमध्ये बसवलेला गावाकडचा नातेवाईक. इथे सगळे एका रांगेत बसलेत, तुम्हाला शब्द माहीत नसेल तर वाक्यावरून ओळखा नाहीतर पुढे जा. १९९० ते २०२३ या काळात लिहिलेल्या बारा कथा आहेत, बहुतेक मुस्लिम घरांतल्या बायकांच्या, आणि मला भीती होती की सगळं दुःखच दुःख असणार, पण बाई मधेच इतकी टपली मारते की हसू येतं आणि हसल्याची लाज वाटते. काही कथा मला जरा जास्तच बोलक्या वाटल्या, शेवटाला आवाज चढतो. पण तेव्हा जाणवलं की ज्या मला किल्लीचं उत्तर हवं होतं तोच मी आता लेखिकेला म्हणतोय एवढं सांगू नका.

उलटीही तक्रार आहे, ती लिहूनच टाकतो. आजकालच्या कथांमध्ये खिडकी फार झालीय. एका नव्या संग्रहात अकरा कथा होत्या, त्यातल्या चार खिडकीपाशी संपतात, माणूस उभा राहतो, बाहेर बघतो, पाऊस नाहीतर दिवा नाहीतर कुत्रं, खलास. मी मार्जिनमध्ये बारीक टिका मारत होतो, सवय आहे. नायकाला नाव नसतं, सगळं वर्तमानकाळात, 'तो उठतो, तो चालतो, तो थांबतो', अरे बाबा जातोयस कुठे. न सांगणं ही एक गोष्ट आणि सांगण्यासारखं काही नसणं ही दुसरी, आणि दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात हीच तर पंचाईत आहे. आमच्याकडे पण असतं, एक माणूस व्हाउचर दाखवत नाही आणि दुसऱ्याकडे व्हाउचर नसतंच, पहिल्या भेटीत दोघेही सारखेच शांत.

मग फरक कळायचा कसा? माझ्यापुरती मला एक खूण सापडलीय, परत वाचायची. ज्याच्याकडे माल आहे त्याची कथा दुसऱ्या वेळी मोठी होते. दुसऱ्याची आहे तेवढीच राहते किंवा आक्रसते.

लिडिया डेव्हिस म्हणून अमेरिकन लेखिका आहेत, २०१३ चं मॅन बुकर इंटरनॅशनल त्यांना मिळालं होतं, त्यांच्या काही कथा एक-दोन ओळींच्या आहेत. कथा! मी पहिल्यांदा वाचून म्हटलं हे तर आम्ही मेसेजमध्ये पाठवतो. पण त्यातली एक मला ऑफिसात फाइल चाळताना आठवली, मग घरी येताना आठवली, आणि तेव्हा पटलं की हिने जागा कागदावर न घेता माझ्या डोक्यात घेतलीय, भाडं न भरता.

नॉर्वेचा यॉन फॉस्से मात्र मला झेपला नाही, कबूल. २०२३ चं नोबेल, 'सेप्टॉलॉजी' ही कादंबरी, सात भाग, आणि पूर्णविराम नाही. मजा म्हणून नाही, खरंच नाही. आस्ले नावाचा एक म्हातारा चित्रकार आहे आणि आस्लेच नावाचा दुसरा चित्रकार आहे आणि तो विचार करतोय, गाडी चालवतोय, विचार करतोय, आणि वाक्य काही थांबत नाही, मला सवय ओळीखाली बेरीज मारायची, आणि इथे ओळ संपतच नाही तर बेरीज कुठे मारू. तीस पानांवर सोडलं, परत धरलं, झोपायच्या आधी पाच-पाच पानं वाचली तर जमायला लागलं, श्वास त्याच्या चालीत पडायला लागला, आणि मग तिसऱ्या भागात कुठेतरी थांबलो ते थांबलोच. पुस्तक उशाशी आहे. वाईट म्हणवत नाही, पुढे वाचवत नाही.

त्याच्या अगदी उलट अ‍ॅनी अर्नो, फ्रेंच लेखिका, २०२२ चं नोबेल. तिचं १९८३ चं वडिलांवरचं छोटंसं पुस्तक आहे, वडिलांचं दुकान आणि कॅफे, सुरुवातीलाच त्यांचा मृत्यू येतो, आणि ती सांगूनच टाकते की नटवून लिहिणार नाही, सपाट लिहिणार. आणि लिहिते पण तशीच, वडील कसे बोलायचे, कशाला लाजायचे, कुठल्या शब्दाला घाबरायचे, एकेक नोंद करत जाते, पुढे शेरा नाही. मला वाटलं चला, आपल्या धंद्यातली बाई भेटली. रडायला कुठे आलं ते मला अजून नीट दाखवता येणार नाही, नोंदी सगळ्या कोरड्याच होत्या.

कवितेचं प्रकरण वेगळं झालं. मी कविता वाचायचो ती परिच्छेद वाचल्यासारखी, ओळ कुठे तुटलीय तिकडे लक्षच नाही, कागद महाग नसताना ही माणसं एवढी जागा का सोडतात असा प्रश्न पडायचा. भाचीने यावर भारी उपाय काढला. तिने एक कविता सलग टाइप करून पाठवली, एक ओळ म्हणून तोडली नाही, आणि म्हणाली आता तू तोड. मी रविवारी दुपारी बसलो. नऊ ओळी केल्या, जिथे अर्थ पुरा होतो तिथे एंटर. मग तिने मूळ पाठवली, तिच्यात चौदा ओळी. कवीने जिथे तोडलं होतं तिथे मी तोडायचा विचारसुद्धा केला नव्हता, वाक्याच्या अगदी मधोमध, जिथे पाय पुढे टाकला की पायरी नसते तिथे.

नुसतं सांगून हे कळत नाही म्हणून माझंच एक बनवलेलं उदाहरण देतो, कविता म्हणून नका बघू. समजा वाक्य आहे, मी तिला सांगितलं नाही काही झालं. आता असं तोडा:

मी तिला सांगितलं नाही
काही झालं

आणि असं:

मी तिला सांगितलं
नाही काही झालं

शब्द तेच, क्रम तोच, एक एंटर इकडचा तिकडे. पहिल्यात काहीतरी घडलंय आणि मी गप्प बसलोय. दुसऱ्यात मी बोललोय आणि बहुतेक खोटं बोललोय. हे बघितल्यावर मी दहा मिनिटं एंटरचं बटण वरखाली करत बसलो होतो, पन्नाशीचा माणूस. आकड्यातला पॉइंट एक घर सरकला तर काय होतं हे मला कोणी शिकवायला नको, पण शब्दांतही तसं होतं हे कोणी सांगितलंच नव्हतं. चार मार्कांचं रसग्रहण केलं, पण ओळीकडे बघा असं एकाही मास्तरांनी म्हटल्याचं आठवत नाही.

तेव्हापासून कविता आवडली की वहीत हाताने उतरवतो. हाताला घाई करता येत नाही. डोळे चार ओळी एकदम गिळतात, हात प्रत्येक शब्दापाशी थांबतो, आणि ओळ तुटली की हात उचलून परत डावीकडे न्यावा लागतो, त्या उचलण्यातच काहीतरी कळतं. आणि मोठ्याने वाचतो, दार लावून. मोठ्याने वाचलं की ढोंगी कविता लगेच पकडली जाते, आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. मोबाइलवर फिरणाऱ्या पुष्कळ कविता या परीक्षेत गेल्या, त्या म्हणजे सुविचार, फक्त एंटर मारलेले.

अरुण कोलटकरांची 'भिजकी वही' याच पद्धतीने वाचली, अजून वाचतोय. २००५ चा अकादमी पुरस्कार तिला मिळाला तेव्हा कोलटकर जाऊन वर्ष झालं होतं. जाड पुस्तक आहे, आणि त्यात इतिहास-पुराणातल्या, जगभरातल्या रडणाऱ्या बायका, प्राचीन अलेक्झांड्रियातली गणितज्ञ हिपेशियासुद्धा आहे. हे वर्णन ऐकून कोणाचाही धीर सुटेल, माझाही सुटला होता. पण भाषा इतकी साधी, ओटीवर बसून कोणी सांगावं तशी, की वाचताना मी कवितेत आहे हेच विसरतो आणि मग एका ओळीवर पाय घसरतो. संदर्भ कळत नाहीत तिथे शोधायचो आधी, प्रत्येक नावाला सर्च मारायचो, मग सोडून दिलं. आधी रडणं ऐकू, ओळखपत्र मागाहून बघू.

स्वीडिश कवी तोमास त्रान्स्त्रोमर पण तेव्हाच वाचला, इंग्रजीतून. धंद्याने मानसशास्त्रज्ञ, २०११ चं नोबेल. १९९० मध्ये पक्षाघात झाला, बोलणं जवळजवळ गेलं, उजवा हात गेला, तर डाव्या हाताने पियानो वाजवायचा, आणि त्यानंतरही पुस्तकं आली, छोट्या-छोट्या कवितांची, हायकू. आपल्याकडे हायकू शिरीष पैंनी आणला हे माहीत होतं, पण सतरा अक्षरांत बसवायचा खेळ म्हणूनच मी त्याकडे बघायचो. या माणसाची गोष्ट कळल्यावर त्या तीन ओळींकडे बघणं बदललं. बदलायला हवं होतं का, हा वेगळा वाद. भाची म्हणते कवीचं आजारपण कवितेत मिसळू नकोस. मी म्हणतो मिसळलं ते मिसळलं, आता वेगळं कसं काढू.

आणि पोलिश कवयित्री शिम्बोर्स्का. तिच्या कविता मला सगळ्यात लवकर जवळच्या वाटल्या, कारण ती प्रश्न विचारते आणि विचारताना चेहरा गंभीर करत नाही. १९९६ च्या नोबेलच्या भाषणात तिने 'मला माहीत नाही' या एवढ्याशा वाक्याची थोरवी गायलीय. हे मी वाचलं त्याच दिवशी ऑफिसात एका ज्युनिअरला झापलं होतं, कारण तो म्हणाला सर ही एंट्री कशाची ते मला माहीत नाही. त्याला काय सांगणार, नोबेल मिळालंय म्हणून.

पण एक सांगतो, आमच्या धंद्यात माहीत नसण्याला एक जागा असते. जी रक्कम कुठे टाकायची ते कळत नाही ती सस्पेन्स अकाउंटमध्ये टाकतात. खोटं नाव देऊन कुठेतरी घुसडण्यापेक्षा ते बरं. फक्त वर्षअखेरीला ते खातं शून्य करावं लागतं, नाहीतर माझ्यासारखा माणूस येऊन लाल पेनाने विचारतो. किल्ली त्या खात्यात पडून होती आणि माझं वर्ष संपत आलं होतं.

तर मी ती कथा परत वाचली. ठरल्या महिन्याऐवजी अकरा महिन्यांनी. टेबलफॅनवरचं भांडण, जे मला पहिल्यांदा भरती वाटलं होतं, ते आता नीट ऐकू आलं, भाऊ फॅनबद्दल बोलतच नव्हते, शेवटचे दोन महिने वडिलांजवळ कोण झोपायचं त्याबद्दल बोलत होते आणि त्यातलं एक वाक्यसुद्धा थेट नव्हतं. सून मधे तीनदा उठून जाते, पहिल्यांदा मी ते मोजलंच नव्हतं. आणि दुसऱ्या पानावर किल्ली ज्या रुमालाला बांधते त्याला निळी किनार आहे असं लिहिलंय.

पान ३१ वर ती कपडे वाळत घालते. त्यात एक टॉवेल आहे, दोन शर्ट आहेत, आणि रुमाल आहे. धुतलेला, झटकलेला, चारही टोकं मोकळी.

मी खुर्चीत ताठ बसलो. म्हणजे गाठ सुटलीय. म्हणजे तीनदा उठून गेली त्यातल्या कुठल्यातरी वेळी तिने ती किल्ली लावून बघितली असणार. कशाला तरी लागली असणार, आणि ती आत काय होतं ते कोणालाही न सांगता रुमाल धुऊन वाळत घालतेय. आणि मी म्हणत होतो किल्लीचं काय झालं ते सांगितलं नाही!

रात्री साडेअकराला भाचीला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मामा, पान ३१ वरच्या रुमालाला निळी किनार आहे असं कुठे लिहिलंय? मी बघितलं. नाही लिहिलंय. ती म्हणे, मग तो नवऱ्याचा पण असू शकतो, शर्टांबरोबर आहे ना. मी म्हटलं लेखक उगाच रुमाल कशाला घालेल. ती म्हणे माणसं धुतात रे रुमाल. मी म्हटलं चारही टोकं मोकळी असं मुद्दाम लिहिलंय. ती म्हणाली वाळत घातलेल्या रुमालाची टोकं मोकळीच असतात.

फोन ठेवून आता तासभर होत आला. मी पान १८ आणि पान ३१ मध्ये बोटं घालून बसलोय.